श्वासपटलाची हालचाल आणि सोनोग्राफी

छाती आणि पोट यांच्यामध्ये आडवे पसरलेले श्वासपटल हा श्वास घेण्याचा मुख्य स्नायू आहे. त्याचा आकार उपड्या वाटीसारखा असतो. कडेने स्नायूचे तंतू बरगड्यांच्या आतल्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाला आणि पाठीच्या मणक्यांना जोडलेले असतात, तर माथ्यावर पातळ पण चिवट पडदा असतो. तंतू आकुंचन पावले की माथा खाली सरकतो, छातीच्या पिंजऱ्यातली जागा वाढते आणि हवा फुप्फुसांत शिरते. त्याच वेळी खालचे अवयव दाबले जाऊन पोट किंचित पुढे येते. श्वास सोडताना मात्र वेगळे काम करावे लागत नाही. स्नायू सैल पडतो आणि फुप्फुसे आपल्या लवचिकपणामुळे त्याला पुन्हा वर ओढून घेतात. निवांत बसलेल्या माणसाच्या श्वासाचे दोन-तृतीयांशाहून अधिक काम हा एकटा स्नायू करतो.

श्वासपटलाचे उजवा आणि डावा असे दोन अर्ध असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र फ्रेनिक मज्जातंतू मिळतो. हा मज्जातंतू मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांपासून निघतो, मानेतून छातीत उतरतो, हृदयाच्या आवरणाला लागून खाली जातो आणि मग श्वासपटलापर्यंत पोहोचतो. इतक्या लांबच्या वाटेवर त्याला इजा होण्याच्या जागाही बऱ्याच आहेत. मानेची शस्त्रक्रिया, छातीतली गाठ, अपघात आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरला जाणारा बर्फ यांपैकी कशानेही तो दुखावू शकतो. एक बाजू बंद पडली तरी धडधाकट माणसाला रोजच्या व्यवहारात कित्येकदा काहीच जाणवत नाही, आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत श्वासपटलाचा एक घुमट वर चढलेला दिसतो. दोन्ही बाजू गेल्या तर चित्र पालटते. उताणे झोपताच दम लागतो, रुग्ण बसूनच रात्र काढतो, छातीइतक्या पाण्यात उतरला तरी त्याचा श्वास अडकतो. अशा रुग्णावर हृदयविकाराचे किंवा दम्याचे उपचार महिनोन्‌महिने चालू राहिल्याची उदाहरणे छातीविकारतज्ज्ञांना नवी नाहीत.

हा स्नायू हाताला लागत नाही आणि स्टेथोस्कोपला त्याचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून त्याची तपासणी फार काळ आडवाटेनेच करावी लागली. छातीच्या एक्स-रेत घुमटाची उंची कळते, पण एक्स-रे एका क्षणाचा असतो आणि हालचाल त्यात दिसत नाही. फ्लुओरोस्कोपीत, म्हणजे सलग चालणाऱ्या एक्स-रेत, ती दिसते. रुग्णाला नाकाने जोरात हुंगायला सांगायचे आणि पडद्यावर दोन्ही घुमट खाली येतात का ते बघायचे, ही जुनी चाचणी आजही वापरात आहे. पण तिच्यात किरणोत्सर्ग होतो आणि रुग्णाला एक्स-रे विभागात न्यावे लागते. शिवाय दोन्ही बाजू लुळ्या असतील तर ही चाचणी फसवू शकते. असे रुग्ण श्वास सोडताना पोटाचे स्नायू आवळतात; ते सैल सोडले की श्वासपटल आपोआप खाली येते आणि पाहणाऱ्याला हालचाल ठीक वाटते. सर्वांत नेमकी पद्धत म्हणजे एक बारीक फुगा अन्ननलिकेत आणि दुसरा जठरात ठेवून दोन्हींतल्या दाबाचा फरक मोजायचा. शास्त्रीयदृष्ट्या ती उत्तम आहे, पण रुग्णाला नकोशी वाटते. म्हणून ती बहुधा संशोधनापुरतीच राहिली.

सोनोग्राफीने ही अडचण बऱ्याच अंशी सोडवली. श्वासपटलाची हालचाल ध्वनिलहरींनी पाहण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकातच झाले होते. त्यासाठी लागणारे मुख्य साधन त्याहून जुने आणि हृदयासाठी घडवलेले आहे. स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर हे हृदयतज्ज्ञ आणि कार्ल हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी १९५३ मध्ये धडधडत्या हृदयाची हालचाल ध्वनिलहरींनी कागदावर उतरवली. त्यातूनच आजचा एम-मोड आला. नेहमीच्या सोनोग्राफीत अवयवाचा छेद दिसतो. एम-मोडमध्ये त्या छेदातली एकच रेघ निवडली जाते आणि तिच्यावरचे ठिपके काळाबरोबर कसे वर-खाली होतात याचा आलेख पडद्यावर सरकत राहतो. हृदयासाठी काढलेली ही युक्ती श्वासपटलाला तंतोतंत लागू पडली. तरी आयसीयूतल्या डॉक्टरांच्या हाती ती खऱ्या अर्थाने आली ती गेल्या दोन दशकांत, यंत्रे लहान झाल्यावर आणि खाटेशेजारी नेता येऊ लागल्यावर.

श्वासपटल दोन ठिकाणांहून पाहतात आणि दोन्हीकडे दिसणारी गोष्ट वेगळी असते. पहिली खिडकी बरगड्यांच्या खाली आहे. रुग्ण पाठीवर, डोक्याकडची बाजू थोडी उंच करून झोपतो. पोटाच्या सोनोग्राफीचाच २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब उजव्या बरगड्यांच्या काठाखाली, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर ठेवतात आणि त्याचे तोंड वर, मागे व किंचित आतल्या बाजूला वळवतात. यकृतातून ध्वनी सहज जातो. त्यामुळे यकृताच्या पलीकडे श्वासपटलाची जाड, चकचकीत पांढरी कमान दिसते. श्वास घेताच ती प्रोबच्या दिशेने येते. तिच्यावर एम-मोडची रेघ ठेवली की पडद्यावर लाटा उमटू लागतात. श्वास आत घेताना लाट चढते, सोडताना उतरते. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची मोजली की श्वासपटल किती सरकले ते कळते.

रेघ मात्र कमानीला जमेल तितकी काटकोनात पडायला हवी. किमान ७० अंशांचा कोन असावा असे मानतात. ती तिरपी पडली तर खरे अंतर मोजलेच जात नाही. डाव्या बाजूला यकृताऐवजी प्लीहेची छोटी खिडकी असते आणि शेजारी जठरातला वायू. वायूपुढे ध्वनिलहरींचे काही चालत नाही. म्हणून डावी बाजू पाहताना प्रोब काखेच्या रेषेकडे मागे न्यावा लागतो आणि तरीही दर वेळी चांगले चित्र मिळेलच असे नाही. नवख्याचा बराच वेळ डाव्या बाजूतच जातो.

हालचाल तीन प्रकारे पाहिली जाते: साध्या श्वासात, जोरात हुंगताना आणि पूर्ण खोल श्वास घेताना. फ्रान्समधल्या आलें बुसूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१० निरोगी व्यक्तींची मोजमापे २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे आकडे आजही सर्वत्र आधाराला घेतले जातात. साध्या श्वासात पुरुषांचे श्वासपटल सरासरी १.८ सेंटीमीटर सरकते आणि स्त्रियांचे १.६. खोल श्वासात हेच अंतर पुरुषांत ७ आणि स्त्रियांत ५.७ सेंटीमीटरपर्यंत जाते. साध्या श्वासात साधारण १ सेंटीमीटरहून कमी सरक असेल तर हालचाल मंदावली असे समजतात. खोल श्वासाची खालची मर्यादा स्त्रियांत ३.७ आणि पुरुषांत ४.७ सेंटीमीटर आहे.

हुंगण्याची चाचणी लहान असली तरी तिच्यातून बरेच कळते. हुंगताना श्वासपटल झटक्यात आकुंचन पावते, त्यामुळे निरोगी बाजूला टोकदार, उंच लाट येते. लुळ्या बाजूला त्याच क्षणी लाट उलटी पडते. छातीतला दाब एकदम घटतो, दुसरी बाजू आणि बरगड्यांचे स्नायू जोर लावतात आणि निर्जीव अर्धा भाग वर ओढला जातो. श्वास आत चालला आहे आणि श्वासपटल प्रोबपासून दूर पळते आहे, असे पडद्यावर दिसले की ती बाजू लुळी पडल्याचे निदान करायला आकड्याची गरजही राहत नाही. साध्या श्वासात हा उलटेपणा कधी कधी लपून राहतो, म्हणूनच हुंगायला सांगायचे विसरू नये.

दुसरी खिडकी बाजूला आहे. छातीच्या खालच्या कडेला श्वासपटल बरगड्यांना आतून चिकटून उभे असते. ही पट्टी काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषांच्या दरम्यान, आठव्या ते दहाव्या बरगड्यांच्या फटींत सापडते. येथे स्नायू त्वचेपासून दोन-चार सेंटीमीटरवर असतो, त्यामुळे १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा सरळ प्रोब वापरता येतो. हे आवश्यकही आहे. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. म्हणजे ३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, तर १० मेगाहर्ट्झची जेमतेम ०.१५ मिलिमीटर. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा स्नायू मोजायचा असेल तर लांब लहर कुचकामी ठरते.

पडद्यावर येथे दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतात. वरची फुप्फुसाच्या आवरणाची, खालची पोटाच्या आवरणाची. त्यांच्यामधला करडा-काळा पट्टा म्हणजे स्नायू. त्याच्या पोटातून कधी कधी आणखी एक बारीक पांढरी रेघ जाते. श्वास घेतला की हा पट्टा जाड होतो. दोन्ही आवरणे वगळून श्वासाच्या अखेरीस आणि उच्छ्वासाच्या अखेरीस जाडी मोजतात, दोहोंतल्या फरकाला उच्छ्वासाच्या जाडीने भागतात आणि शंभराने गुणतात. जाडी किती टक्क्यांनी वाढली ते असे कळते. सरकण्यातून परिणाम दिसतो, जाडीवाढीतून स्नायूने स्वतः किती जोर लावला याचा अंदाज येतो. खोल श्वासातही जाडी २० टक्क्यांहून कमी वाढत असेल आणि मुळात स्नायू २ मिलिमीटरहून पातळ असेल, तर तो लुळा पडून झिजला असण्याचा संशय बळावतो. नुकत्याच लुळ्या पडलेल्या स्नायूची जाडी मात्र नेहमीइतकी असू शकते, कारण झीज व्हायला वेळ लागतो. शिवाय काही निरोगी माणसांचे श्वासपटल जन्मतःच पातळ असते. म्हणून नुसत्या जाडीवर निदान करणे धोक्याचे.

या मोजमापात चुकीला वाव किती आहे हे एका हिशेबाने कळते. समजा उच्छ्वासाच्या अखेरीस जाडी १.६ मिलिमीटर आणि श्वासाच्या अखेरीस २.२ मिलिमीटर आहे. वाढ झाली साडेसदतीस टक्के. आता दुसरी खूण हातून ०.२ मिलिमीटर आत पडली आणि जाडी २.० भरली, तर तीच वाढ २५ टक्क्यांवर येते. व्हेंटिलेटर काढावा की नाही या चर्चेत ज्या ३० टक्क्यांच्या रेषेचा हवाला दिला जातो, तिच्या एका बाजूचा रुग्ण दुसऱ्या बाजूला गेला, आणि त्याच्या स्नायूत काहीच बदललेले नाही. म्हणून तीन-चार श्वासांची सरासरी घेतात आणि त्वचेवर पेनने खूण करून दुसऱ्या दिवशी प्रोब त्याच जागी ठेवतात. प्रोब दाबायचाही नसतो. दाबला की स्नायू चपटा होतो.

श्वासपटलाच्या सोनोग्राफीला सर्वाधिक मागणी आयसीयूतून आली आणि तिच्या मागे एक अस्वस्थ करणारा शोध आहे. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलांचे तुकडे तपासले. हे दाते १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होते आणि त्या काळात श्वासपटल पूर्ण निष्क्रिय होते. एवढ्या अवधीत स्नायूतंतूंचा छेद निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. पाय महिनाभर प्लास्टरमध्ये असला तर बारीक होतो हे सगळ्यांना ठाऊक असते. श्वासपटल जन्मापासून कधीच न थांबलेला स्नायू असल्याने विश्रांती त्याला त्याहूनही लवकर भोवते. व्हेंटिलेटर जीव वाचवतो, पण त्याच्यावरून सुटण्यासाठी लागणारा स्नायूच तो कमकुवत करतो.

व्हेंटिलेटर कधी काढता येईल हे ठरवताना म्हणूनच या तपासणीचा आधार घेतला जाऊ लागला. दक्षिण कोरियात ८२ रुग्णांच्या पाहणीत, २०११ मध्ये, १ सेंटीमीटरहून कमी सरकणारे श्वासपटल २९ टक्के रुग्णांत आढळले आणि अशा रुग्णांना यंत्रावरून सुटायला जास्त दिवस लागले. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात जाडीवाढ ३० टक्के किंवा अधिक असलेल्यांची श्वासनळीतली नळी यशस्वीपणे काढली जाण्याची शक्यता जास्त दिसली. टोरांटोच्या एवन गॉलिगर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेला निष्कर्ष अधिक विचार करायला लावतो. पहिल्या काही दिवसांत जाडीवाढ साधारण १५ ते ३० टक्के, म्हणजे निरोगी माणसाच्या निवांत श्वासाइतकी राहिली, ते रुग्ण यंत्रावरून लवकर सुटले. स्नायूला अजिबात काम न देणे वाईट, तसेच तो दमेल इतके देणेही वाईट. यंत्राचा आधार किती ठेवायचा याला एक मोजता येणारी खूण मिळाली, असे या निष्कर्षाबद्दल म्हणता येते. मात्र त्यानुसार आधार कमी-जास्त करून रुग्णांचा फायदा होतोच, हे अजून पक्के ठरलेले नाही.

आयसीयूतली सर्वांत सर्रास चूकही येथेच होते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो तेव्हा श्वासपटल खाली सरकतेच, स्नायू मेलेला असला तरी सरकते. यंत्राचा आधार चालू असताना एम-मोडवर मिळालेली दोन सेंटीमीटरची सुरेख लाट रुग्णाच्या स्नायूबद्दल काहीच सांगत नाही. सरकण्याचे अंतर मोजायचे ते रुग्ण स्वतःच्या बळावर श्वास घेत असताना, यंत्राचा आधार काढून किंवा अगदी कमी करून. जाडीवाढ याबाबतीत थोडी प्रामाणिक असते, कारण बाहेरून ढकललेला स्नायू विशेष जाड होत नाही. तरी गुंगीची औषधे चालू आहेत का आणि रुग्ण श्वास घेण्याचा प्रयत्न करतो आहे का, हे पाहिल्याखेरीज तिचाही अर्थ लागत नाही. अतिदक्षता तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ मध्ये या तपासणीची एकमताने आखलेली रीत प्रसिद्ध केली, ती बरीचशी अशा गोंधळामुळेच. ‘श्वासपटलाची हालचाल चांगली’ एवढाच शेरा असलेला अहवाल असला काय आणि नसला काय, सारखाच. बाजू कोणती, श्वास कसला, रुग्ण किती उठून बसलेला आणि यंत्राचा आधार किती, या गोष्टी आकड्याइतक्याच महत्त्वाच्या असतात.

आयसीयूबाहेरही या तपासणीने काही समजुती मोडल्या. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेतल्या मज्जातंतूंच्या जाळ्याजवळ भूल दिली जाते. शेजारूनच फ्रेनिक जातो, त्यामुळे कधीमधी श्वासपटल लुळे पडते एवढे माहीत होते. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीने पाहिले, तेव्हा त्या काळी रूढ असलेल्या मात्रेत भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णात त्या बाजूचे श्वासपटल तात्पुरते निकामी झालेले आढळले. निरोगी माणसाला त्याची जाणीव होत नाही, पण जुना दमा असलेल्याला हे महागात पडू शकते. भुलेची मात्रा कमी करण्याची आणि सुईची जागा बदलण्याची वाट पुढे तेथूनच निघाली. हृदयाची शस्त्रक्रिया झालेले तान्हे मूल यंत्रावरून सुटत नसेल, तर श्वासपटल पाहणे आता नेहमीचे झाले आहे. बाळाला किरणोत्सर्ग नको आणि हलवायलाही नको, या दोन्ही अटी येथे पाळल्या जातात.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गीयां-बारे सिंड्रोमची म्हणजे जीबीएसची साथ आली आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. या आजारात पायांपासून वर चढणारी कमजोरी श्वासपटलापर्यंत पोहोचली की व्हेंटिलेटर लावावा लागतो. ती वेळ आधी ओळखण्यासाठी रुग्णाला नळीत फुंकायला लावून फुप्फुसांची क्षमता मोजतात. पण चेहऱ्याचे स्नायू कमजोर झालेल्या रुग्णाला ओठ नळीवर घट्ट मिटताच येत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. अशा वेळी श्वासपटल थेट पाहण्याचा उपयोग उघड आहे. मण्यारीच्या दंशात किंवा कीटकनाशकाच्या विषबाधेत श्वासाचे स्नायू लुळे पडतात, तेथेही तत्त्व हेच. फक्त एकदा पाहून भागत नाही, काही तासांनी पुन्हा पाहावे लागते.

सोनोग्राफीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. श्वासपटल हलत नाही हे ती सांगते, का हलत नाही हे नेहमी सांगत नाही. पोटाच्या वरच्या भागावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दुखते म्हणून श्वास आखडता घेतो. जलोदरात पोटातले पाणी घुमट खालून अडवते. एम्फिसिमामध्ये फुगलेली फुप्फुसे तो इतका सपाट करतात की सरकायला जागाच उरत नाही. तिन्ही ठिकाणी पल्ला कमी भरतो, मज्जातंतू मात्र शाबूत असतो. अशा वेळी मज्जातंतूची विद्युत चाचणी, सीटी स्कॅन किंवा दाब मोजणारे फुगे यांच्याकडे परतावे लागते. लठ्ठ रुग्णात, छातीवर ड्रेसिंग किंवा नळ्या असलेल्या रुग्णात कित्येकदा खिडकीच मिळत नाही.

भारतात या तपासणीला कायद्याचीही एक बाजू आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. या व्यवस्थेत सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि केवळ श्वासपटल किंवा फुप्फुसे पाहायला आयसीयूत ठेवलेले छोटे यंत्रही तिच्यातून सुटत नाही. खिशात मावणारे प्रोब बाजारात आले असले तरी ते स्टेथोस्कोपसारखे गळ्यात घालून हिंडण्याची मोकळीक येथील डॉक्टरला नाही.

निदान पक्के झाल्यावर करायचे काय, हे कारणावर ठरते. मज्जातंतू नुसता ताणला गेला किंवा गारठला असेल तर तो काही महिन्यांत, कधी वर्षभराने पूर्ववत होतो, आणि तोवर दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी करून लाट परत येते आहे का ते पाहतात. एक बाजू कायमची गेली आणि दम लागत राहिला, तर सैल पडलेला घुमट चुण्या घालून शिवतात आणि ताठ करतात. मग तो श्वासागणिक वर ओढला जात नाही. लहान बाळांत हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा होऊनही फ्रेनिक जिवंत असेल, तर त्याला विद्युत स्पंद देणारे उपकरण बसवता येते. दोन्ही बाजू कमजोर असतील तर रात्री मास्क लावून व्हेंटिलेटरचा आधार दिला जातो, आणि कित्येक रुग्णांना त्यामुळे पुन्हा आडवे झोपता येते.